सत्तावीस श्वासांची दुपार

त्या वर्षी आमच्या आष्ट्यात माझा फार बोलबाला झाला आणि तो सगळा खोटा होता, हे मी आधीच सांगून टाकते. लोक म्हणायचे, लेक गेल्यापासून बाईनं केवढं तप मांडलंय. एक वेळ जेवते, दूध-तूप सोडलंय, अष्टमी-चतुर्दशीला पाण्याचा थेंब घेत नाही. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, मी गेले की तरुण सुना वाकून नमस्कार करायच्या. एकीनं तर आपल्या तापलेल्या मुलाच्या डोक्यावर माझा हात ठेवून घेतला आणि मी तो ठेवलाही. खरी गोष्ट एवढीच होती की मला अन्न गिळता येत नव्हतं.

माझी थोरली सुरेखा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला साताऱ्याला दिलेली, जावई तिथल्या एका कारखान्यात लेथवर कामाला. सातव्या महिन्यात मीच जाऊन तिला घेऊन आले. विहीणबाई म्हणाल्या होत्या, इथंच राहू दे, दवाखाना जवळ आहे. पण पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आमच्यातली रीत आणि माझा हट्ट. सांगलीच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली आणि चौथ्या दिवशी तापाचं निमित्त होऊन सुरेखा गेली. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं होतं. तिथं मला कुणाची चूक दिसली नाही, म्हणून मी ती माझ्यात शोधू लागले.

त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात नर्सनं बाळ माझ्यापुढं धरलं आणि म्हणाली, "आजी, घ्या हिला." माझे हात वर आले नाहीत. आले नाहीत एवढंच नाही, मी ते मागं घेतले. साताऱ्याहून नुकत्याच पोहोचलेल्या विहीणबाईंनी पुढं होऊन बाळाला पदरात गुंडाळलं आणि सुतक फिटल्यावर तिला आपल्या घरी नेलं. पुढच्या सहा-सात महिन्यांत मी दोनदा साताऱ्याला गेले. दोन्ही वेळा तसंच झालं. बाळ, आमची छकुली, समोर आली की कोपरापासून बोटांपर्यंत हात लाकडासारखे व्हायचे, जबडा आवळायचा आणि गळ्यात कुणीतरी बूच मारल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या वेळी विहीणबाई न राहवून म्हणाल्या, "आमच्या पोरीला काय काटं हायत का, बाई?" मला राग आला नाही. त्यांचं बरोबरच होतं.

गळ्याचं हे दुखणं मग घरीही माझ्याबरोबर आलं. भाकरीचा घास तोंडात फिरायचा, खाली उतरायचा नाही. सांगलीला नळी घालून पाहिलं, फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, घशात काही नाही, मन रमवा. आता मन म्हणजे काय शेजारच्या गल्लीत हळदीकुंकवाला पाठवायची वस्तू आहे? एकदा शेजारची कमळाबाई वाटीभर खीर घेऊन आली आणि समोर बसून म्हणाली, खा बघू. माझ्या तोंडून निघून गेलं, "आज माझं एकाशन आहे." म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं व्रत. कमळाबाई वाटी घेऊन परत गेली. त्या दिवशी मला युक्ती सापडली. आमच्यात जेवत नाही म्हटलं तर दहा जण कारण विचारतात, पण उपवास आहे म्हटलं की कुणी एक शब्द विचारत नाही, उलट हात जोडतात.

जपाचंही तसंच. मी णमोकार मंत्राच्या जपाचा मोठा संकल्प सोडला होता आणि तो झपाझप उरकत होते. जातं फिरवावं तशा माळा फिरवायच्या. ओठ हलत असायचे, आत काहीच चाललेलं नसायचं. जप थांबला तर दवाखान्याचा व्हरांडा दिसेल ही भीती होती, म्हणून थांबायचंच नाही. देवावर विश्वास होता का, असं कुणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, पण ते खरं नव्हतं. मी त्याच्यापुढं हात जोडून उभी राहून त्याच्याकडं पाठ फिरवली होती.

श्रावणात जावयाचं पत्र आलं. आईचा दमा वाढलाय, तिला आता रात्रंदिवस मूल सांभाळणं होत नाही, मी पाळीवर असतो. माझ्या बहिणीच्या नवऱ्याची बदली गुजरातेत झाली आहे, ती छकुलीला कायमची घ्यायला तयार आहे. तुम्ही सांभाळणार असाल तर तुमचा हक्क पहिला, पण दशलक्षण पर्व संपेपर्यंत नक्की कळवा. आमच्या ह्यांनी पत्र दोनदा वाचून दाखवलं आणि माझ्या तोंडाकडं बघत बसले. ते म्हणाले, "तू म्हणशील तसं. पर येकदा का ती तिकडं गेली, की मग आपुन तिला पावणं." मी उठून आत गेले. सुरेखाचं तेवढंच मागं राहिलं होतं आणि मला ते उचलता येत नव्हतं.

त्या चातुर्मासात आमच्या बस्तीत एक आर्यिका, म्हणजे आमच्यातल्या साध्वी, माताजी थांबल्या होत्या. दहा दिवसांच्या त्या पर्वाला आठ दिवस राहिले असताना मी त्यांच्यापुढं जाऊन बसले आणि म्हटलं, "मला दहा दिवसांचा उपवास द्या, मौनासहित." माझा हिशोब सरळ होता. दहा दिवस बोलायचं नाही, म्हणजे पत्राचं उत्तर द्यायला नको, आणि पर्व संपलं की वेळही संपली. गावभर आणखी नाव होईल ते वेगळंच. माताजींनी माझ्याकडं पाहिलं. मग सावकाश म्हणाल्या, "उपवासाचं नंतर पाहू. तोवर रोज दुपारी या बायकांबरोबर कायोत्सर्गाला उभ्या राहा." एवढंच बोलून त्यांनी डोळे मिटले. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. एवढ्या मोठ्या तपस्विनीला त्यांनी पहिलीच्या वर्गात बसवलं होतं.

कायोत्सर्ग म्हणजे देहाची ओढ सोडून निश्चल उभं राहायचं. पावलांत चार बोटांचं अंतर, हात दोन्ही बाजूंना मोकळे सोडलेले, नजर खाली, आणि श्वासाच्या चालीनं नऊ वेळा णमोकार. एका णमोकाराला तीन श्वास, म्हणजे सगळे मिळून सत्तावीस. आमच्या बस्तीतल्या बायकांची त्यात एक जुनी रीत होती. जिचे श्वास पुरे होतील तिनं हात जोडायचे, पण जागचं हलायचं नाही. शेवटच्या बाईचे हात जुळले की मगच सगळ्यांनी बसायचं. दुपारी बारा-पंधरा जणी जमायच्या. कुणी उसातलं तण भांगलून आलेली, कुणाच्या हाताला शेणाचा वास, कुणाची सून बाळंतीण म्हणून जीव घरात अडकलेला. पहिल्या दिवशी माझे हात सगळ्यांच्या आधी जुळले. मी नऊच्या नऊ णमोकार दोन-तीन दमांत संपवले होते आणि बाकीच्या किती रेंगाळतात म्हणून मनात कुरकुरत उभी होते.

माझ्या शेजारी एक अनोळखी बाई उभी होती. साठी उलटलेली, काळीसावळी, जाड काठाचं इरकल नेसलेली. कर्नाटकातल्या, सीमेपलीकडच्या कुठल्या तरी खेड्यातून माताजींच्या दर्शनाला आलेली आणि इथंच राहिलेली. सगळ्याजणी तिला अक्का म्हणत. बसल्यावर ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, "लय पळताय, अव्वा. कोण लागलंय मागं?" माझी जीभ तशी तिखट आहे, मी काहीतरी बोलणारच होते. तोवर तिनं हळूच माझ्या पावलांकडं बोट दाखवलं. "पायाची बोटं बघा की. फरशी धरून ठिवलीय."

मी पाहिलं. खरंच, दोन्ही पायांची बोटं आत वळून फरशीत रुतवल्यासारखी झाली होती, नखांखाली पांढरं पडलं होतं. मी ती सैल केली. दोन क्षणांत ती पुन्हा आवळली, माझ्या नकळत. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी गेले आठ महिने अशीच उभी असणार. चुलीपुढं, गोठ्यात, देवापुढं.

दुसऱ्या दिवसापासून अक्का रोज एकच प्रश्न विचारायची, "आज कुठं धरून ठिवलंय?" दुसरं काही नाही. ना माझं नाव, ना माझं दुःख. मी उभी राहायचे आणि शोधायचे. एक दिवस पोटऱ्या सापडल्या. एक दिवस खांदे, ते कानाला भिडायचे बाकी होते. एक दिवस जीभ टाळ्याला घट्ट चिकटलेली सापडली आणि दाढा एकमेकींवर दाबलेल्या. सांगलीच्या डॉक्टरांना घशात जे सापडलं नव्हतं ते असं शरीरभर पसरलेलं होतं. सैल करून ते सुटायचं नाही, पण नुसतं बघितलं की थोडं सुटल्यासारखं व्हायचं. आणि मी एकटीनं ते बघू शकले नसते, हे मला आज पक्कं ठाऊक आहे. घरी मी तसा प्रयत्न केला तेव्हा भीतीनं उठून चालू लागले होते. बस्तीत माझ्या डावीकडं अक्काचा श्वास होता, उजवीकडं कमळाबाईचा, मागं आणखी दहा जणींचा. त्यांच्या संथ श्वासाच्या चालीत माझा श्वास आपोआप मंद व्हायचा.

सहाव्या दिवशी हात सापडले. मी ते मोकळे सोडले आहेत असं मला वाटत होतं, पण मुठी अर्ध्या मिटलेल्या होत्या आणि दंड मागं ओढलेले. नर्ससमोर ओढले होते तसेच. तिसरा णमोकार चालू असताना दंडांतून काहीतरी जड आणि ऊबदार खाली उतरलं, बोटं आपसूक उलगडली आणि त्याच क्षणी मला रडू फुटलं. नुसतं डोळ्यांत पाणी नव्हे, मोठ्यानं, हंबरडा म्हणतात तसं. सुरेखा गेली तेव्हासुद्धा मी अशी रडले नव्हते. मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, पुन्हा चुकली.

कुणीही हललं नाही. कुणी पाठीवरून हात फिरवला नाही, कुणी गप बस म्हणालं नाही. एकेकीचे हात जुळत गेले असतील, मला दिसत नव्हतं. पण माझे जुळेपर्यंत त्या थांबणार होत्या, हे मला कळत होतं. बाहेर गल्लीत धारेची वेळ होऊन म्हशी ओरडायला लागल्या. कमळाबाईची म्हैस तर तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नाही. तिचा आवाज मला ओळखू येत होता, कमळाबाईला तर येतच असणार. तरी तिचा श्वास जागचा हलला नाही. रडण्याच्या मधल्या उसंतीत मला फक्त तेवढंच ऐकू यायचं, बारा-पंधरा बायकांचं आत घेणं आणि बाहेर सोडणं. ते धरून माझा एकेक श्वास पुढं गेला. सत्तावीस पुरे व्हायला किती वेळ लागला मला माहीत नाही. माझे हात जुळले तेव्हा बस्तीच्या दारातलं ऊन आतल्या खांबापर्यंत पोचलं होतं.

सगळ्याजणी बसल्या, नमस्कार केला आणि उठल्या. कमळाबाई म्हणाली, "चला ग, म्हसरं वरडाय लागल्याती." जसं काही घडलंच नाही. मला वाटतं, एवढा मान मला त्या वर्षभरातल्या सगळ्या नमस्कारांनी दिला नव्हता.

धार काढून ती तशीच माझ्या घरी आली, हातात जोंधळ्याच्या कण्यांचं पातेलं. दिवस मावळायला थोडाच वेळ होता आणि आमच्यात मावळल्यावर जेवत नाहीत. "खा," ती म्हणाली. मी सवयीनं म्हणू लागले, आज माझं... तिनं मला पुरं बोलू दिलं नाही. "आगं, आमाला काय डोळं न्हाईत व्हय? घास उतरंना, ते सांगाय लाज वाटत आसंल म्हनून गप ऱ्हायलो." मी खाली मान घालून पहिला चमचा घेतला. तो तोंडात फिरला, थांबला आणि खाली गेला. मग दुसरा. कमळाबाई दारातल्या उजेडाकडं बघत बसली होती. पातेलं रिकामं झाल्यावर ते घेऊन ती गेली.

दुसऱ्या दिवशी मी माताजींना सगळं सांगितलं, खोट्या उपवासांसकट. वाटलं होतं, आता मोठं प्रायश्चित्त मिळेल. त्या म्हणाल्या, "पर्वाचे दहाही दिवस दोन वेळा जेवायचं. एकही वेळ चुकवायची नाही. हा तुमचा नियम." ज्या दहा दिवसांत अख्खं गाव उपास-एकाशनं करतं, पोरंसोरंसुद्धा एक वेळ सोडतात, त्या दिवसांत मी दोन्ही वेळा ताटावर बसायची. माझी कीर्ती चार दिवसांत मातीला मिळाली. मुलाच्या डोक्यावर माझा हात ठेवून घेणाऱ्या त्या बाईनं तर मला बस्तीत ओळखच दाखवली नाही. त्याहून कडक प्रायश्चित्त मी आजवर पाहिलेलं नाही.

अक्का मात्र पर्व सुरू व्हायच्या आदल्या दिवशी निघून गेली. तिचं गाव कोणतं ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. कुणी म्हणालं, दर्शनाला आलेल्या एका टेंपोतून आली होती, कुणी म्हणालं, चालत आली होती. मी नंतर येणाऱ्या-जाणाऱ्यांजवळ बरीच चौकशी केली. ती कोण होती आणि नेमकी माझ्याच शेजारी का उभी राहिली, याचा कीस मी आता काढत नाही. आली होती, एवढं मला पुरतं.

पर्व संपल्यावर आमच्यात क्षमावणी असते. वर्षभरात ज्याचं मन दुखावलं त्याच्यापुढं हात जोडून क्षमा मागायची. पत्राचं उत्तर अजून गेलं नव्हतं, म्हणून त्या सकाळी मी पहिली एस.टी. पकडली. आमचे हे सोबत येतो म्हणाले, मी नको म्हटलं. इस्लामपूर, कऱ्हाड करत दुपारी साताऱ्यात उतरले. सबंध वाटेत मी स्वतःला बजावत होते की जमलं नाही तर जमलं नाही, निदान क्षमा मागून यायचं. हातांना हुकूम सोडायचा नाही. आठ महिने मी त्यांना हुकूमच सोडत आले होते.

विहीणबाई धापा टाकत दारातच बसल्या होत्या, मांडीवर छकुली. मी वाकून म्हटलं, "माझं चुकलं. बाळंतपणाला मी हट्टानं नेलं आणि तुमच्या एकटीवर सगळं टाकलं. मला क्षमा करा." त्यांनी छकुलीला उचलून माझ्याकडं केलं. मी काही केलं नाही, नुसती श्वास घेत राहिले, आणि माझे हात पुढं झाले. केवढी जड होती ती. आठ महिन्यांचं मूल इतकं जड असतं हे दोन पोरं वाढवून मी विसरले होते. तिनं माझ्या मंगळसूत्राची वाटी मुठीत पकडली आणि ओढली.

मग विहीणबाई रडू लागल्या. मला वाटलं, सून आठवली. तशी ती आठवलीच असेल, पण त्या रडत रडत सांगू लागल्या, "डाव्या कुशीवर निजती ती. दूध लय गरम दिलं की तोंड फिरवती. रातच्याला मधीच उठून हसती." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझं गेलं होतं ते मला दिसत होतं. त्यांचं आज जाणार होतं, ते मला दिसलंच नव्हतं. मी त्यांना समजावलं नाही. छकुलीला खांद्यावर घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले, त्यांचं रडणं संपेपर्यंत. मग म्हटलं, "विहीणबाई, छकुलीला मी सांभाळते, पर तुमीबी चला. आमच्याकडची हवा मोकळी हाय." त्या म्हणाल्या, पंधरा दिवस येते. त्या आल्या आणि दिवाळी करूनच गेल्या.

छकुली आता शाळेत जाते आणि माझ्यापेक्षा तिखट बोलते. साताऱ्याची आजी आणि आष्ट्याची आजी, दोघींकडं तिचं सारखंच चालतं. हे सगळं मी कुणाला उपदेश करायला लिहिलेलं नाही, मला तो अधिकार नाही. पण शरण जाणं म्हणजे स्वतःला मोडून टाकणं, असं मी फार दिवस समजत होते, म्हणून लिहावंसं वाटलं. मला तरी ते मूठ उघडण्याएवढंच साधं निघालं, आणि तीही एकटीला उघडता आली नाही. त्या अनोळखी अक्काला, कमळाबाईला, धारेची वेळ चुकवून उभ्या राहिलेल्या माझ्या गावच्या बायकांना माझा रोजचा नमस्कार आहे. सुरेखाची आठवण अजूनही येते, कधी कधी भर जेवणात येते. मग मी ताट बाजूला सारते आणि रडते. रडून झालं की जेवते.